जनआवृत्तीत काय गाळले? पीएसपी, टूडीएस आणि भोकरची मीटरगेज

१/२३
२०११ साली सोनी कंपनीने ‘पीएसपी’ या हातात धरून खेळायच्या कन्सोलची सर्वांत स्वस्त आवृत्ती बाजारात आणली आणि तिच्यातून वायफाय काढून टाकले. त्याआधी १४१ वर्षे, म्हणजे १८७० साली, हिंदुस्थान सरकारने रेल्वेची स्वस्त आवृत्ती मंजूर केली आणि दोन रुळांमधील अंतर कमी केले. एक निर्णय खेळण्याचा, दुसरा साम्राज्याच्या दळणवळणाचा. तरीही नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या गावाकडून पाहिले, तर दोन्हींत चूक एकच दिसते. हा थ्रेड त्या चुकीविषयी आहे.

२/२३
मराठी ग्रंथव्यवहारात ‘जनआवृत्ती’ हा शब्द जुना आहे. गाजलेले पण महाग पुस्तक सामान्य वाचकाला परवडावे म्हणून त्याची स्वस्त आवृत्ती काढतात. कापडी बांधणी जाते, कागद हलका येतो, रंगीत चित्रे कृष्णधवल होतात. पण कोणताही शहाणा प्रकाशक खर्च वाचवण्यासाठी शेवटची दोन प्रकरणे गाळत नाही. जनआवृत्ती वाचणारा आणि मूळ आवृत्ती वाचणारा एकाच कथेवर वाद घालू शकले पाहिजेत, हा त्यामागचा अलिखित करार असतो. यंत्रांच्या जनआवृत्त्यांनाही हीच कसोटी लावायला हवी.

३/२३
हॅण्डहेल्ड गेमच्या इतिहासात काटकसर हा अपघात नव्हता. ते मूळ तत्त्वच होते. निन्टेन्डोचे रचनाकार गुन्पेई योकोई यांची भूमिका अशी होती, की जुने, मुरलेले, स्वस्त झालेले तंत्रज्ञान घ्यावे आणि त्याचा कोणाला न सुचलेला उपयोग करावा. १९८० सालची ‘गेम अ‍ॅण्ड वॉच’ मालिका याच विचारातून आली. घड्याळात आणि कॅल्क्युलेटरमध्ये रुळलेला एलसीडी पडदा त्यांनी खेळाला जुंपला.

४/२३
१९८९ साली आलेला ‘गेम बॉय’ हे या तत्त्वाचे सर्वांत मोठे यश. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ रंगीत पडदा घेऊन आला. पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’ही रंगीतच आला. गेम बॉयचा पडदा मात्र हिरवट, त्यात चारच छटा आणि मागे दिवा नाही. पण गेम गिअर सहा पेन्सिल सेल काही तासांत संपवत असे, तर गेम बॉय चार सेलांवर त्याच्या कितीतरी पट चालत असे. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. रंग गमावून वेळ कमावणे हा व्यवहार ग्राहकांनी मान्य केला होता.

५/२३
यंत्राचे वय झाले की त्याच्या जनआवृत्तीची वेळ येते. सुटे भाग स्वस्त झालेले असतात, खेळांचा साठा मोठा असतो, आणि उशिरा येणाऱ्या ग्राहकाकडे पैसे कमी असतात. १९९६ साली सात वर्षांच्या गेम बॉयची ‘पॉकेट’ आवृत्ती आली. आकार लहान झाला, चार पेन्सिल सेलांच्या जागी दोन बारीक सेल आले, पडदा उलट अधिक स्वच्छ झाला. जुन्या यंत्रावरचा प्रत्येक खेळ नव्यावर चालत होता.

६/२३
या आवृत्तीतला एक तपशील महत्त्वाचा आहे. दोन गेम बॉय केबलने एकमेकांना जोडता येत. पॉकेटमध्ये त्या केबलची खोबण लहान केली गेली. म्हणजे जुनी केबल थेट बसेना. पण निन्टेन्डोने अडॅप्टर दिला आणि जुने यंत्र नव्याशी जोडता येत राहिले. त्याच वर्षी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ प्रसिद्ध झाला होता. त्या खेळाच्या दोन आवृत्त्यांत काही प्राणी वेगवेगळे होते. दुसऱ्या खेळाडूशी देवाणघेवाण केल्याशिवाय संग्रह पूर्ण होतच नसे. तेव्हा खोबणीबरोबर जोडणीही गेली असती, तर पॉकेट घेणाऱ्या मुलाच्या हाती अर्धाच खेळ आला असता.

७/२३
हीच शिस्त २०१३ साली पुन्हा दिसली. निन्टेन्डोचा ‘थ्रीडीएस’ २०११ साली अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला होता आणि त्याचा डांगोरा होता चष्म्याविना दिसणाऱ्या त्रिमितीचा. दोन वर्षांनी त्याची जनआवृत्ती ‘टूडीएस’ १२९.९९ डॉलरला आली. त्रिमिती गेली. घडी घालायची बिजागरी गेली. दोन स्पीकरांच्या जागी एक राहिला. आतला पडदाही प्रत्यक्षात एकच होता. वरच्या प्लॅस्टिकच्या चौकटीने त्याचे दोन भाग दाखवले होते. दिसायला ते यंत्र पाचरीसारखे होते आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली.

८/२३
पण टूडीएसमध्ये काय राहिले तेही पाहावे. वायफाय राहिले. थ्रीडीएसचे आणि त्याआधीच्या डीएसचेही खेळ राहिले. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, म्हणजे टूडीएस ज्या दिवशी दुकानांत आला त्याच दिवशी, पोकेमॉनचे ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे नवे खेळ आले. स्वस्त टूडीएस घेणारे मूल आणि महागडा थ्रीडीएस असलेले मूल शेजारी बसून देवाणघेवाण करू शकत होते. खेळाच्या आत कोणाचे यंत्र स्वस्तातले, हे कळत नव्हते. जनआवृत्तीकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही.

९/२३
आता पीएसपी. मूळ यंत्र डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आले. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, युरोपात ‘ई-१०००’ ही आवृत्ती ९९.९९ युरोंना आली. तिला ‘स्ट्रीट’ असेही म्हणत. ही स्वस्त पीएसपी भारतातल्या दुकानांतही विकली गेली. कवच चकचकीत नव्हते, मळखाऊ काळे होते. त्यात वाईट काही नाही. आवाज एका स्पीकरवर आला; तेही चालण्यासारखे. बॅटरी मात्र सहज बदलता येणार नाही अशी आत बंद झाली. आणि वायफाय पूर्णपणे गेले.

१०/२३
कंपनीच्या बाजूने जे म्हणता येते, ते प्रामाणिकपणे मांडायला हवे. शंभर युरोंखाली यंत्र आणायचे तर काहीतरी जाणारच. हे यंत्र लहान मुलांसाठी होते. त्यांना इंटरनेटची गरज ती काय? भारताच्या बाबतीत तर हा युक्तिवाद अधिकच पटण्यासारखा वाटतो. २०११ साली भोकरसारख्या तालुक्याच्या गावात घरोघरी वायफाय नव्हते. जे घरात नाही, ते यंत्रात नसल्याने कोणाचे काय बिघडले?

११/२३
बिघडले ते असे. पीएसपीचे वायफाय केवळ इंटरनेटसाठी नव्हते. जवळ बसलेल्या पीएसपी त्याच लहरींवर थेट एकमेकींशी जोडल्या जात. त्यासाठी राउटर लागत नसे, फोनची लाइन लागत नसे, महिन्याचे बिल येत नसे. जपानमध्ये ‘मॉन्स्टर हंटर’ हा खेळ पीएसपीवर अफाट चालला, तो मुख्यतः चार मित्रांनी एकत्र बसून शिकार करण्याच्या या सोयीमुळे. शाळेच्या ओट्यावर बसलेल्या दोन मुलांना इंटरनेटशिवाय एकत्र खेळण्याचा हा मार्ग होता. इंटरनेट नसलेल्या गावाला तर तोच सर्वांत मोलाचा. ‘तिकडे इंटरनेट नाहीच’ या समजुतीने नेमका तोच कापला गेला.

१२/२३
शिवाय मोठ्या शहरातल्या ग्राहकाला पर्याय होते. पीएसपीच्या खेळांच्या चकत्या मिळणारी दुकाने होती, जुन्या चकत्यांची अदलाबदल करणारे मित्र होते. नसले तर घरात संगणक होता, त्यावर खेळ उतरवून केबलने यंत्रात घेता येई. तालुक्याच्या गावात चकत्यांचे दुकान नाही आणि घरात संगणक नाही, तर त्या यंत्राकडे नवा खेळ येण्याची वाटच बंद. ज्याच्याकडे आधीच सारे होते, त्याला या कपातीची झळ सर्वांत कमी लागली. ज्याच्यासाठी म्हणून स्वस्त आवृत्ती काढली, तोच तिच्यात एकटा पडला.

१३/२३
या एकटेपणाचा मराठवाड्याला जुना परिचय आहे. त्यासाठी रेल्वेच्या इतिहासाकडे वळावे लागते. १८५३ साली मुंबई–ठाणे आगगाडी धावली ती ५ फूट ६ इंच रुंदीच्या रुळांवर. हीच पुढे ब्रॉडगेज म्हणून ओळखली गेली. मुख्य मार्ग होत आले तेव्हा खर्चाचे आकडे सरकारला जड वाटू लागले. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात, १८७० साली, दुय्यम मार्गांसाठी एक मीटर रुंदीचे रूळ ठरले. हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक मापे येतील या अपेक्षेने ‘मीटर’ निवडला गेला. ती मापे यायला १९५० चे दशक उजाडले. मीटरगेज मात्र तोवर हजारो मैल पसरली होती.

१४/२३
युक्तिवाद साधा होता. मागास भागात माल थोडा, प्रवासी थोडे. मग रूळही थोडे अरुंद असावेत. विरोधकांनी तेव्हाच दुसरा उपाय सुचवला होता. रुंदी तीच ठेवा, रूळ हलक्या वजनाचे घाला, गाड्या हळू चालवा. वाहतूक वाढली की जड रूळ टाकता येतील. म्हणजे कागद हलका करा, पाने फाडू नका. हा पर्याय मागे पडला. पण वायव्य सरहद्दीकडे जाणाऱ्या पंजाब नॉर्दर्न आणि सिंधू खोऱ्याच्या मार्गांवर लष्कराने हरकत घेताच तिथली मीटरगेज रद्द होऊन ब्रॉडगेज आली. तोफा मध्येच उतरवणे परवडणारे नव्हते. कापसाच्या गाठी उतरवणे चालण्यासारखे होते.

१५/२३
हैदराबाद संस्थानात हा भेद नकाशावरच उमटला. वाडी ते सिकंदराबाद हा राजधानीला मुंबईच्या मुख्य मार्गाशी जोडणारा रस्ता १८७४ साली झाला, तो ब्रॉडगेज. मराठवाड्यातून जाणारी हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे, म्हणजे मनमाड, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेडवरून सिकंदराबादेला पोहोचणारा मार्ग, १९०० च्या सुमारास सुरू झाला, तो मीटरगेज. याच मार्गाला मुदखेडला फाटा फुटून भोकर, हिमायतनगर, किनवटवरून आदिलाबादकडे रूळ गेले, तेही अर्थातच मीटरगेजचे. मूळ आवृत्ती राजधानीला मिळाली. मराठवाड्याला मिळाली ती जनआवृत्ती, आणि तीही पाव शतक उशिरा.

१६/२३
अरुंद रुळांचा खरा खर्च डब्यात बसल्यावर कळत नसे. तो कळे मनमाडला. मुंबईकडून येणारी ब्रॉडगेज आणि मराठवाड्याची मीटरगेज तिथे भेटत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नसे. मालधक्क्यावर प्रत्येक पोते, प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावी लागे. त्यात मजुरी जाई, वेळ जाई, माल फुटे, सांडे. प्रवाशालाही बोचकी घेऊन गाडी बदलावी लागे. रेल्वे बांधणाऱ्याने वाचवलेला पैसा पुढची कित्येक दशके रेल्वे वापरणारा हप्त्याहप्त्याने भरत राहिला.

१७/२३
इथे एक सावधगिरी हवी. मीटरगेज नसती तर मराठवाड्याला ब्रॉडगेज मिळाली असती, असे धरून चालता येत नाही. कदाचित काहीच मिळाले नसते. त्या अरुंद रुळांनी नांदेडला एकीकडे हैदराबाद आणि दुसरीकडे मनमाड जोडून दिले, हे उपकार खरेच. स्वस्त आवृत्तीची हेटाळणी करणे हा सुखवस्तू माणसाचा छंद आहे. टूडीएसची थट्टा करणाऱ्यांनी तो विकत घेणाऱ्या घराचा हिशेब पाहिला नव्हता. तेव्हा स्वस्त असणे हा दोष नव्हे. काटकसर कशात केली, हाच खरा प्रश्न आहे.

१८/२३
कारण काही कपाती पुढे भरून काढता येतात आणि काही येत नाहीत. स्थानकाची इमारत साधी बांधली, तर पन्नास वर्षांनी मोठी बांधता येते. रुळांची रुंदी चुकली, तर सारा मार्ग उखडून पुन्हा घालावा लागतो. भारतीय रेल्वेने १९९२ साली एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मनमाडपासून सुरू झालेले रूपांतर टप्प्याटप्प्याने पूर्वेकडे सरकत एकविसाव्या शतकात मुदखेड–आदिलाबाद मार्गापर्यंत आले, आणि भोकरच्या स्थानकावर ब्रॉडगेजची गाडी उभी राहिली. स्वस्तात पडलेल्या मार्गाचा खर्च अखेर दोनदा झाला. शंभर युरोंच्या यंत्रात पुढे वायफाय बसवता येत नाही, हेही तसेच.

१९/२३
रेल्वेची आणि खेळण्याची तुलना अतिशयोक्त आहे, असा आक्षेप येईल. परिणामांच्या आकारात दोहोंची तुलना नाही, हे उघड आहे. पण निर्णयाचा साचा एक आहे. दूरच्या ग्राहकाची गरज कमी आहे असे आधी गृहीत धरायचे, त्या गृहीतकावर जोडणी कापायची, आणि मग जोडणीअभावी त्याचा वापर कमी राहिला की आपले गृहीतक खरे ठरले म्हणायचे. यात दुष्ट हेतू असावा लागत नाही. त्याच सोनीने २०१३ साली ‘व्हिटा’ची नवी आवृत्ती काढताना महागडा ओलेड पडदा काढून साधा एलसीडी बसवला, नेहमीच्या मोबाइल चार्जरची पिन दिली आणि वायफाय राखले. म्हणजे शहाणी काटकसर कशी करावी, हे त्याच कंपनीला ठाऊक होते.

२०/२३
या साऱ्या काळात नांदेड–लातूरकडच्या मुलांच्या हाती बहुधा यांतले काहीच नव्हते. त्यांची यंत्रे जत्रेतल्या पालांवर आणि बसस्थानकाबाहेरच्या गाड्यांवर मिळत. आधी आला ‘ब्रिक गेम’. दहा आडवे, वीस उभे अशा ठोकळ्यांचा पडदा, पेन्सिल सेल आणि खोक्यावर ‘९९९९ इन १’ अशी बढाई. अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेला ‘टेट्रिस’ आणि त्यासारखे मोजके खेळ. बाकी सारे वेगाचे आणि पातळ्यांचे गुणाकार. परवाना नाही, हमी नाही, कर्त्याचे नाव नाही. तरी गेम बॉयचा मराठवाड्यातला खरा वारस तोच.

२१/२३
पुढे आला ‘सुप’: गेम बॉयच्या आकाराचे खोके, रंगीत पडदा आणि आत निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल करणारी चिप, ‘४०० इन १’. मूळ कर्त्यांना यातून पैसाही मिळत नाही, आणि बटणे लवकर बसतात. हे दोष झाकण्याचे कारण नाही. पण काटकसर कुठे केली ते पाहावे. त्यातली बॅटरी बीएल-५सी, म्हणजे नोकिया ११०० मध्ये असे तीच. ती कोणत्याही मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत मिळते आणि नखाने बदलता येते. शिवाय टीव्हीला जोडायची केबल सोबत येते आणि काही खोक्यांत दुसऱ्या खेळाडूसाठी वेगळा रिमोटही. निन्टेन्डोच्या २०१९ सालच्या १९९.९९ डॉलरच्या ‘स्विच लाइट’ला टीव्हीशी जोडण्याची सोय नाही. काही शे रुपयांच्या नकलेला ती आहे. गरीब ग्राहकाच्या जवळ असणाऱ्याला काय कापू नये, हे बरे कळते.

२२/२३
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक कामही आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास बहुतेक वेळा शोधाच्या आणि पहिल्या विक्रीच्या तारखांनी लिहिला जातो. वस्तू प्रत्यक्ष वापरात कधी आली, किती काळ राहिली, यावरून तो लिहावा, असे ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांचे प्रतिपादन आहे. त्या न्यायाने भोकरचा काळपट टोकियोच्या काळपटाहून वेगळा होईल. संग्राहक पहिल्या दिवशीचा गेम बॉय काचेत ठेवतात. ब्रिक गेम मात्र भंगारात जातो. त्याची खोकी, सोबतचे छापील कागद, ती दुरुस्त करणाऱ्यांच्या आठवणी आत्ताच नोंदवल्या नाहीत, तर छोट्या गावांच्या बालपणाचा हा पुरावा उरणार नाही.

२३/२३
जनआवृत्त्या निघत राहतील. २०२० साली सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही कंपन्यांनी चकतीची खोबण नसलेली स्वस्त कन्सोल आणली. त्या खोबणीबरोबर जुना खेळ विकण्याची आणि मित्राला उसना देण्याची सोयही गेली. अशी प्रत्येक वस्तू समोर आली की किमतीआधी दोन प्रश्न विचारावेत: कपात शोभेत झाली की जोडणीत? आणि ती पुढे भरून काढता येईल का? मीटरगेजच्या बाबतीत हे प्रश्न १८७० सालीच विचारले गेले होते. ज्यांच्या गावावरून ते रूळ जाणार होते, त्यांना मात्र कोणी विचारले नव्हते.

(थ्रेड समाप्त)